कोऱ्या तळाचे बूट

३ फेब्रुवारी, मंगळवार

हवालदाराने, म्हणजे माझ्या घरातल्या जोडीदारणीने, बाबांना फोन केला. मला न विचारता, माझ्याच उशाशी बसून, मी डोळे मिटून पडले होते तेव्हा. मी जागी होते हे तिला कळलं नाही. मी हे विसरणार नाही, हेही तिला अजून कळलेलं नाही.

झालं एवढंच की काल प्रयोगशाळेच्या जिन्यात मला चक्कर आली. दोन दिवस कॉफी आणि बिस्किटांवर काढले होते, रबराच्या तुकड्यांची चाचणी अर्धवट सोडता येत नव्हती. जाग आली तेव्हा हाताला सलाईन. विद्यापीठाकडे ‘जवळची व्यक्ती’ म्हणून हवालदाराचा नंबर होता, कारण आले त्या दिवशी या अख्ख्या शहरात मला दुसरं कोणी माहीतच नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घे, तीन वेळा जेव, झोप. विषय तिथेच संपला होता.

पण नाही. “काका, तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगते. ती जेवत नाही. मी सांगून ऐकत नाही.”

संध्याकाळी बाबांचा फोन आला. हे सत्र संपलं की परत ये, पुढचं पुढे बघू. बाबांचं ‘पुढे’ मला चांगलं माहीत आहे. आईचं गाणं शिकणं त्याच ‘पुढे’मध्ये अजून पडून आहे. मी हातापाया पडून सत्र पूर्ण करायची मुभा मिळवली आणि त्यानंतरचं तब्येतीवर ठरेल असं वदवून घेतलं. म्हणजे आता आणखी एक तक्रार गेली की माझं बोचकं बांधलंच.

तोंडावर मी तिला ताई म्हणते. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, आपल्याच भाषेची, संख्याशास्त्रात पीएच.डी. करते आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि एक हवालदार. याचा वचपा मी काढणार. कसा ते ठरलेलं नाही, पण काढणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शत्रूचा अभ्यास सुरू केला आहे. तिचे कायदे लिहून काढते, म्हणजे राग ताजा राहील.

पत्ता कोणालाही सांगायचा नाही. वर्गातल्या मैत्रिणीलाही नाही. सामान मागवलं तर ते कोपऱ्यावरच्या दुकानात घ्यायचं. खालच्या दाराचा कोड दाबताना दुसरा हात वर आडवा धरायचा. घरातून काढलेला फोटो कुठे टाकायचा नाही. अंधार पडल्यावर बागेतून यायचं नाही, मोठ्या रस्त्याने लांबून यायचं. पोचल्यावर कळवायचं. दारावरची घंटा वाजली तर आधी आवाज करायचा नाही.

पहिल्या दिवशी तिने मला घर दाखवलं ते कसं, तर खिडकीतून दिसणारं शहर नाही, ऊन कुठून येतं ते नाही. जिन्याशेजारची आगीची लाल पेटी दाखवली. काच कुठे फोडायची, आतली मूठ कुठे ओढायची. समोरच्या दारातली नर्स कोणत्या पाळीला घरी असते ते सांगितलं. मी आपली प्रवासाने आंबलेली, मान डोलावत होते.

जणू हिच्याच मागे अख्खं शहर लागलंय. एवढी काय लागून गेलीये?

८ फेब्रुवारी, रविवार

घबाड सापडलं.

आमच्या दाराबाहेर पुरुषाचे काळे बूट असतात. मोठे, जाड तळाचे. मी आले तेव्हापासून आहेत. विचारलं तेव्हा “असू देत” एवढंच म्हणाली होती. मला वाटलं, आधीच्या भाडेकरूचे राहिले असतील. पण ते हलतात. कधी टोकं भिंतीकडे, कधी जिन्याकडे, कधी एका बुटाची नाडी सुटलेली. म्हटलं, अस्सं. बाईसाहेबांकडे कोणीतरी येतो, आणि मला जेवणाखाण्याचे धडे देतात.

आज ती दुकानात गेली तेव्हा बूट उलटे करून पाहिले. आणि हसूच आलं. तळ कोरा. साच्यातून काढताना रबराला जे बारीक केस राहतात ते अजून जसेच्या तसे. मी रबराच्या झिजेवर प्रबंध लिहिते आहे. हे बूट आयुष्यात चार पावलंसुद्धा चाललेले नाहीत.

म्हणजे कोणी येत नाही. हीच ते बूट इकडचे तिकडे करते. लग्नाचं वय उलटत चाललंय, लोक काय म्हणतील, म्हणून दाराशी नवरा मांडून ठेवलाय. आधी हसले, मग थोडी कीव आली. कीव आवरली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज तिने माझ्या डब्यात उकडलेली अंडी घातली आणि वर चिठ्ठी, ‘संपव.’ मी काय शिशुवर्गात आहे?

तिचा एक फोटो माझ्याकडे होता. गॅलरीत, डोक्याला लोकरीची टोपी, अंगाभोवती माझी चादर, हातात झारी, आणि वाळून कोळ झालेल्या रोपाला पाणी घालते आहे. पाठीमागे पाण्याची गोल टाकी आणि पुलाचा कठडा. फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्या घरचा हवालदार, चोवीस तास पहारा.’ पंचवीस-तीस जण हसले. छातीत जरा गार वाटलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काय योग असतात. फोटो बघून एकाने निरोप पाठवला. ‘अहो, ही तर आमचीच!’ तिचा आतेभाऊ निघाला. याच देशात नोकरीला असतो, कामानिमित्त सध्या या शहरात आहे. किती स्वच्छ मराठी लिहितो. इथे आल्यापासून आईशिवाय कोणी मला ‘जेवलात का’ असं विचारलेलं नव्हतं. रविवारी विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये भेटायचं ठरलं.

तिला सांगितलेलं नाही. तोच म्हणाला, तिला इतक्यात नको.

१५ फेब्रुवारी, रविवार

माणूस लाख. मी दादा म्हणू लागले आणि त्याने अहोवरून अगंवर यायला दोन घोटही लावले नाहीत. आपल्याकडचं माणूस भेटलं की कसं हायसं होतं, ते इथे आल्याशिवाय कळत नाही. अंगात करडा कोट, पायात तपकिरी बूट, चकचकीत, दोन्ही नाड्यांची टोकं अगदी सारख्या लांबीची. बसण्याआधी रुमालाने खुर्ची पुसली, माझीही.

मी रडगाणं गायले. फोन, कायदे, अंडी. तो मधे न बोलता ऐकत होता. मग म्हणाला, ती लहानपणापासून हट्टी. घरच्यांशी क्षुल्लक कारणावरून भांडून निघून आली, नंबर बदलला, पत्ता कळवला नाही. मामी रडून रडून अर्धी झाली आहे. “तिला एकदा समोर बसवून बोललं की सगळं सुरळीत होईल. पण सांगून गेलो तर ती दारच उघडणार नाही.”

मी ऐकतच राहिले. जी बाई माझ्या बाबांना फोन करून माझी चुगली करते, तिने स्वतःच्या आईला पत्तासुद्धा दिलेला नाही. म्हणजे तिच्या घरी मी कळवलं तर ते कसं, फिटंफाट होईल.

निघताना त्याने बदामाची पुडी दिली. रक्त वाढतं म्हणाला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दादा प्रयोगशाळेच्या खाली आला होता. दोन चाचण्यांच्या मधे आम्ही कॉफी प्यायलो. मी फुशारकी मारावी म्हणून म्हटलं, तुमच्या बहिणीच्या दाराशी पुरुषाचे बूट असतात, माहीत आहे का?

त्याने कप बशीत ठेवला तो इतका हळू की आवाज झाला नाही. “कोणाचे?”

चेहरा असा झाला की मीच घाबरले. घरच्या अब्रूचा प्रश्न, साहजिक आहे. मला वाटलं, चेष्टा अंगाशी येते की काय. म्हणून घाईघाईने सगळं सांगितलं. बूट कोणाचे नाहीत, कोणी येत नाही, आम्ही दोघीच राहतो, तळाला साच्याचे केस अजून शिल्लक आहेत. झीज कशी ओळखायची तेही समजावलं, टाचेच्या बाहेरच्या कडेला माणूस आधी झिजतो वगैरे. तो हसायला लागला. इतका मोकळा हसला की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

“हुशार आहेस,” म्हणाला. माझ्या अभ्यासाचं एवढं कौतुक माझ्या मार्गदर्शकांनीही केलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज जरा डळमळले. ते खरं खरं लिहिते.

सकाळी हवालदार माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. ग्रंथालयात कोणीतरी तिला म्हणालं होतं की टोपीतला फोटो छान आहे. तिने विचारलं, कुठे टाकलास? आवाज चढवला नाही. तिच्या ओठांचा रंग गेला होता. मी म्हटलं, वर्गातल्या दोघी-तिघींनाच दाखवला, आणि तिच्या देखत काढूनही टाकला. त्याआधी तिने तो माझ्या फोनवर मोठा करून पाहिला होता. स्वतःला नाही, पाठीमागच्या टाकीला.

मग दिवसभर तिने काही काम केलं नाही. बुटांच्या नाड्या सोडल्या, बांधल्या. खिडकीचा पडदा लावला. मला म्हणाली, “या आठवड्यात जरा लवकर येत जा घरी. मला बरं वाटेल.” तिने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. एकदा वाटलं, दादाचं सांगून टाकावं, उगाच मजा किरकिरी झाली तरी चालेल.

तेवढ्यात बाबांचा फोन. रक्त पुन्हा तपासायला का गेली नाहीस? कोणी सांगितलं त्यांना? कोणी म्हणजे काय. त्यांनीच हवालदाराला फोन करून विचारलं आणि तिने सत्यवचन उच्चारलं. बाबा म्हणाले, मी तिकिटाचं बघतो आहे.

अंगाचा तिळपापड झाला. सत्राच्या मध्यावर! माझे तुकडे यंत्रावर चढलेले आहेत, निष्कर्ष हाताशी येऊ घातलेत, आणि ही बाई अंडी उकडता उकडता माझा गळा कापते आहे. हिची जिरवलीच पाहिजे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दिलं. पत्ता, मजला, खालच्या दाराचा कोड. एक हात आडवा धरून फोनवर टाइप केलं आणि माझं मलाच हसू आलं.

गुरुवारी संध्याकाळी प्रयोगशाळेत रबराच्या घासणयंत्रावर माझी पाळी असते, त्यामुळे मी घरी नसते आणि ती असतेच. दादा म्हणाला, उत्तम, आम्हाला निवांत बोलता येईल. हवालदार दार उघडणार नाही अशी त्याला धास्ती होती. मी सांगितलं, माझ्या ठोक्याला उघडते. दोन हळू, एक जोरात.

आता बसू दे तिला मामीच्या अश्रूंचा हिशेब देत. कोणीतरी आपल्या मागे आपल्याबद्दल बोललं की कसं वाटतं, ते कळू दे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळ. ती म्हणाली, आज पाळी कोणाला देता येईल का, घरी थांब. मी म्हटलं, छे, अशक्य. गोळी घेतली, तिच्या देखत. आज मी गुणी मुलगी आहे.

खरं तर पाळी दुसऱ्याला देऊन टाकली आहे. एवढी मेहनत घेतली, तर तिचा चेहरा बघायला मी नको?

२८ फेब्रुवारी, शनिवार

हात अजून नीट चालत नाही, तळव्याला चार टाके आहेत. ओळी वाकड्या जातील तर जाऊ देत. लिहायलाच हवं.

गुरुवारी मी मजेत घरी आले. जिना चढताना गाणंही म्हणत होते. दाराशी दोन जोड होते. आमचे काळे, आणि त्यांच्या शेजारी तपकिरी. चकचकीत, नाड्यांची टोकं सारखी, टाचेला टाच लावून ठेवलेले. घरात शिरताना बूट बाहेर काढावेत ही आपली सवय. मला बरं वाटलं. म्हटलं, संस्कार बघा.

मग काळ्या जोडाकडे नजर गेली. त्यातला एक उलटा केलेला होता. तळ वर. आणि मधोमध त्या कोऱ्या रबरावर अंगठ्याच्या नखाने आडवी रेघ ओढलेली.

मी तिथेच उभी राहिले. हे बघून हसणारा माणूस आणि कॉफी पिताना हसलेला माणूस एकच, पण ते हसणं आता वेगळं ऐकू येत होतं.

किल्ली फिरेना. आतून कडी होती. मी हाक मारली. आतून दादा म्हणाला, अगदी गोड आवाजात, “आम्ही जरा घरगुती बोलतोय गं. तू खाली एक चक्कर मारून ये.”

आणि मी वळले. हे लिहायला सगळ्यात जास्त लाज वाटते आहे. दादाने सांगितलं म्हणून माझे पाय दोन पायऱ्या खाली गेलेसुद्धा.

तेव्हा ताई बोलली. तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. “जाऊ नकोस गं.” आणि लगेच काहीतरी जड जमिनीवर पडलं.

मी लाल पेटीची काच हाताने फोडली. शेजारी हातोडी टांगलेली असते, तीही तिने पहिल्या दिवशी दाखवली होती, पण ते नंतर आठवलं. मूठ ओढली. अख्खी इमारत किंचाळायला लागली. दारं उघडली, जिन्यात माणसं आली, वरच्या मजल्यावरची पोरं, खालचं म्हातारं जोडपं, स्वेटर उलटा घातलेला कोणीतरी. समोरची नर्स बाहेर आली, तिने माझा हात बघितला आणि मग मी कशाकडे बघते आहे ते बघितलं. ती आणि मी दोघी मिळून दारावर लाथा घालायला लागलो. नर्सच्या लाथेत फार ताकद आहे.

मधल्या काळात मी एक केलं. त्याचे तपकिरी बूट उचलले.

दार उघडलं. कोटाचं एक बटण तुटलेलं, बाकी माणूस नीटनेटका. सगळ्यांकडे बघून त्यांच्या भाषेत म्हणाला, कौटुंबिक गैरसमज आहे, क्षमा करा. मग खाली बघितलं, बूट दिसेनात. माझ्या हातात दिसले. माझ्या रक्ताने ते चांगले माखले होते.

“दे बघू ते,” म्हणाला. अजून गोडच.

मी जिन्यातल्या खिडकीतून मागच्या बंद आवारात एक फेकला, मग दुसरा. आयुष्यात कुठल्याही गोष्टीने मला इतका आनंद झालेला नाही आणि तो खोटा लिहिणार नाही. गर्दीबरोबर तो खाली गेला तो मोज्यांवर. बाहेर पाऊस पडून गेला होता, हाडं गोठवणारी थंडी. आगीच्या गाडीमागून पोलीस आले तेव्हा नर्सला काही वर्णन करावं लागलं नाही. पळायला त्याला बूट नव्हते आणि ओला फुटपाथ बर्फासारखा गार होता. ओल्या मोज्यातला माणूस, एवढंच ती म्हणाली.

आत ताई स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली होती. मनगट सुजलेलं, गळ्यावर बोटं उमटलेली. ठोक्याला तिने दार उघडलं होतं, दोन हळू, एक जोरात, कारण मी लवकर यावं असं तिला वाटत होतं. ओट्यावर अंडी उकळून उकळून फुटली होती. मी गॅस बंद केला.

१ मार्च, रविवार

तो आतेभाऊ नाही. ताईचं त्याच्याशी लग्न ठरलं होतं, तिने मोडलं. तेव्हापासून हे तिसरं शहर. दुसऱ्या शहरात तिने घरातल्या जोडीदारणीला विश्वासात घेऊन सगळं सांगितलं होतं. तिने मैत्रिणींना सांगितलं, तिखटमीठ लावून, आणि ते फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचलं. म्हणून या खेपेला ताईने कोणालाच सांगितलं नाही.

हे तिने मला नाही, पोलीसबाईला सांगितलं. मी बाकावर शेजारी होते. मग पोलीसबाईने माझ्याकडे वळून विचारलं, त्याला कोड कुठून मिळाला? त्या परक्या भाषेत माझ्याकडे फार शब्द नाहीत, त्यामुळे लपवायलाही नव्हते. मी दिला, म्हटलं. ठोका पण मी सांगितला. तिच्यावर राग होता म्हणून.

ताईने माझ्याकडे बघितलं नाही. पट्टी बांधलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

५ मार्च, गुरुवार

घरात कोणी बोलत नाही. तिने ओरडावं, माझी भांडी बाहेर फेकावीत, निदान बाबांना फोन करून सगळं सांगावं. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. मी काय केलं असतं हे आता मला नीट माहीत आहे.

आज बाबांचा फोन तिलाच आला. मी दाराआड उभी राहिले. तिकीट निघणार हे दिसत होतं, आणि तरी वाटत होतं, सांग, एकदाची सांगून टाक. ताई म्हणाली, “रक्त वाढलंय काका. रिपोर्ट बघितला मी. जेवते आता वेळेवर.” खरं तेच सांगितलं, नेहमीसारखं. पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तिकीट रद्द. मी खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

रडून झाल्यावर पुन्हा त्याचा राग आला. त्याला पोलिसांनी सोडलं आहे. ताईच्या जवळपास फिरकायचं नाही अशी ताकीद, पुढे खटला. ताकीद म्हणजे कागदच ना. त्याने दिलेले बदाम अर्धे राहिले होते. ते मी घासणयंत्राखाली घातले आणि भुगा होईपर्यंत बघत बसले.

१४ मार्च, शनिवार

ताई घर बदलते आहे. विद्यापीठाने दुसरीकडे दोन खोल्या मिळवून दिल्या. मला वाटलं, सुटली ती माझ्यापासून, आणि बरोबरच आहे. मी आपल्यासाठी वसतिगृहाची चौकशी करून आले.

संध्याकाळी ती पुस्तकं खोक्यात भरत होती. पाठमोरीच म्हणाली, “लिहून घेऊ नकोस. पाठ कर.” आणि पत्ता सांगितला. रस्ता, इमारत, मजला. खालच्या दाराचा कोड.

मी म्हटलं, मला कशाला सांगतेस?

“तू राहणार आहेस ना तिथे,” ती म्हणाली. “आणि तुला चक्कर येते. एकटीला कशी सोडू?” बोलताना माझ्याकडे बघितलं नाहीच. खोक्याला चिकटपट्टी लावत होती, एका हाताने ते जमत नव्हतं. मी दुसरं टोक धरलं.

२२ मार्च, रविवार

नवीन घर. जिना अरुंद, लाल पेटी डाव्या हाताला, हातोडी तिच्या खाली. शेजारी कोण, कधी घरी असतं, ते मी काल विचारून आले.

सकाळी आईबाबांचा फोन होता. बाबा म्हणाले, नवा पत्ता पाठव. माझ्या तोंडून आपोआप निघालं, ताईला विचारून सांगते.  मग आई म्हणाली, बरं, विचार.

काळे बूट आणले आहेत. तळावर नखाची रेघ अजून आहे. आधी ते यंत्रावर घालणार होते, पाच मिनिटांचं काम. पण यंत्र सगळीकडे सारखं घासतं. कोणीही उलटा करून बघितला तर ओळखेल, म्हणजे मी तरी ओळखेन, आणि ओळखायचं कसं ते मी त्यालाही शिकवून ठेवलं आहे. तेव्हा इलाज एकच. तीन-चार जोड मोजे कोंबून बूट पायात घातले आणि मागच्या खडीच्या रस्त्याला लागले. रोज जाणार आहे, जेवण झाल्यावर. डॉक्टरही चालायला सांगतातच. आता येऊ दे त्याला. उलटा करून बघू दे. या घरात एक दांडगा, जडशीळ, पाय फेकत चालणारा गडी राहतो आणि तो रोज कामावर जातो.

कोपऱ्यापर्यंत जाऊन परतले तर वर खिडकीचा पडदा जरासा सरकलेला होता. ताई खाली बघत होती. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली.

“टाच आधी टेकव,” म्हणाली. “बायकांसारखी चालू नकोस.”

मी पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेले.